सिबिल खराब आहे, जुनी गाडी घ्यायचीय, लोनचं कसं करावं?

औसारोड_मेसवाला:
नमस्कार मंडळी. मी लातूरला क्लासच्या पोरांची मेस चालवतो, गाव औसा तालुक्यात. रोज पहाटे गावाकडून दूध भाजी आणायला दुसऱ्याच्या टमटमवर अवलंबून राहावं लागतं आणि त्यात आईला गुडघ्याच्या दुखण्यापायी सारखं दवाखान्यात न्यावं लागतं म्हणून एक जुनी वॅगनआर बघून ठेवलीय, २०१९ची, एमएच २४ पासिंग, चार लाख दहा हजार सांगूलालाय. माझ्याकडं सव्वा लाखापर्यंत रोख आहे. बाकीच्यासाठी बँकेत गेलो तर साहेबानं कॉम्प्युटरमधी बघितलं अन् म्हणाला तुमचा सिबिल स्कोर म्हणजे कर्जफेडीचे गुण ६१२ आहे, होणार नाही. का नाही ते सांगायला त्याला वेळ नव्हता. मग गाडीवाल्या डीलरनं माझं आधार पॅन घेतलं आणि कुठं कुठं फाईल टाकली देव जाणे, तेव्हापासून नुसते फोन येऊलालेत. शेवटी एक फायनान्स कंपनी तयार झालीय: ३ लाख, साडेबारा टक्के, ४ वर्षं, हप्ता ९३७५. फाईल चार्ज ९ हजार आणि कसला तरी इन्शुरन्स १४ हजार, हे दोन्ही आधीच कापून देणार. साडेबारा म्हणजे फार नाही असं डीलर म्हणतो. घेऊ का? का दुसरं काही आहे?

बालाघाटी:
भाऊ थांब. सही करू नको आज.

गोदाकाठचा_नांदेडकर:
साडेबारा फ्लॅट असंल तो. विचार त्याला फ्लॅट का रिड्युसिंग.

माजी_बँकवाला_परभणी:
विचारायची गरज नाही, हप्त्यावरूनच कळतं. ३ लाखाचे साडेबारा टक्क्यानं चार वर्षांचं व्याज दीड लाख, एकूण साडेचार लाख, भागिले ४८ म्हणजे बरोबर ९३७५. म्हणजे फ्लॅटच, तुम्ही निम्मं मुद्दल फेडून झाल्यावरही व्याज मात्र पूर्ण तीन लाखावरच देताय. बँक जसं मोजते तसं म्हणजे शिल्लक मुद्दलावर, रिड्युसिंगनं मोजलं तर हा दर साडेएकवीसच्या वर जातो. आणि २३ हजार आधीच कापले म्हणजे तुमच्या हातात आले २ लाख ७७ हजारच, हप्ता मात्र तीन लाखाचा, ते धरलं तर सव्वीस टक्के. हेच तीन लाख बँकेकडून १२ टक्के रिड्युसिंगनं मिळाले असते तर हप्ता ७९०० बसला असता, चार वर्षांत सत्तर हजारांचा फरक पडतो. लातूरात तेवढ्यात मेसच्या खोलीचं किती महिन्याचं भाडं निघतं ते तुम्हीच बघा.

१ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व बँकेनं सगळ्या किरकोळ कर्जांना की फॅक्ट स्टेटमेंट सक्तीचं केलंय. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो, सगळे चार्जेस धरून वर्षाचा खरा दर. तो कागद सहीच्या आधी मागा. फायनान्सवाला कां कूं करायला लागला तर समजून घ्या.

पण खरा प्रश्न तो नाहीच. ६१२ का आहे हे तुम्हाला माहिती आहे का? रिपोर्ट स्वतः काढलाय का? बँकेतल्या पोरानं स्क्रीनवर आकडा बघून सांगितला, त्याच्या खाली दहा पानं असतात. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीनं वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. त्यांच्या स्वतःच्या साईटवरूनच काढा, पैसे मागणाऱ्या पानावर जाऊ नका, फुकटचं बटन कोपऱ्यात लपवलेलं असतं. आपला आपण रिपोर्ट बघितल्यानं स्कोर कमी होत नाही, हे लोकांच्या डोक्यातून जातच नाही. कमी होतो तो तुमच्या डीलरनं केलेल्या उद्योगानं, एकाच आठवड्यात पाच-सात ठिकाणी फाईल टाकली की प्रत्येकाची इन्क्वायरी तिथं नोंदवली जाते आणि पुढचा बघणारा म्हणतो ह्या माणसाला पैशाची फारच घाई दिसतीय.

आयटीआयवाला_गणेश:
एवढं कशाला डोकं लावायलेत. आमच्या इकडं लोक नोटरीवर गाड्या घ्यायलेत. ज्याला हप्ते झेपत नाहीत त्याला लाख दीड लाख द्यायचे, गाडी आपल्या दारात, उरलेले हप्ते आपण भरायचे, सिबिल बिबिल कोण विचारत नाही. माझ्या मित्रानं स्विफ्ट घेतलीय तशी, दोन वर्षं झाली मस्त चालू आहे.

बालाघाटी:
गणेश तुला शिव्या द्यायच्या नाहीत पण हा सल्ला कुणाला देऊ नको बाबा. आमच्या आत्याच्या पोरानं घेतली होती अशीच, शंभराच्या स्टॅम्पवर, दोन साक्षीदार, नोटरीचा गोल शिक्का, कागद बघितला की वाटावं कोर्टानंच दिलाय. हा दर महिन्याला मूळ मालकाच्या खात्यावर हप्त्याचे पैसे पाठवायचा, इमानेइतबारे. मालकानं त्यातले निम्मे हप्ते भरलेच नाहीत, ते पैसे दुसऱ्याच देण्याला घातले. एक दिवस केजच्या पेट्रोल पंपावर डिझेल भरताना दोन माणसं आली, मोबाईलवर गाडीचा फोटो आणि नंबर दाखवला, चावी मागितली. ह्यानं नोटरीचा कागद काढला. त्यातला एक जण म्हणला दादा हा कागद जपून ठेवा, गाडी आमच्याकडं द्या. पोरगं खांद्यावर, बायको शेजारी, तिथून एसटीनं घरी आले.

पोलीस स्टेशनला गेला तर तिथं उलट ह्यालाच विचारायलेत की बोजा असलेली गाडी तू कशी काय घेतली. आरसीवर एचपी म्हणजे कर्जाचा बोजा असताना फायनान्स कंपनीच्या लेखी संमतीशिवाय गाडी नावावर होतच नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५१ बघा. गाडी कंपनीची, आरसी मालकाची, पैसे गेले ह्याचे.

सौ_जालनेकर:
आणि अपघात झाला तर? आरसीवर ज्याचं नाव तो मालक, सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये हेच सांगितलंय, नंतर ती किती का हातातून फिरलेली असेना. म्हणजे विकणारा पण फसतो यात, नुसता घेणाराच नाही. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा क्लेम तर विसराच.

आयटीआयवाला_गणेश:
बरं बाबा. मित्राला सांगतो.

औसारोड_मेसवाला:
रिपोर्ट काढला. सिबिलचा आणि क्रिफचा. बघून डोकं गरम झालंय. मी कधी कुणाचा रुपया बुडवला नाही आणि तिथं दोन लाल ओळी.
पहिली, वडिलांच्या पश्चात जमीन माझ्या नावावर आल्यावर २०१७ला घेतलेलं पीककर्ज. ते २०१९च्या कर्जमाफीत बसलं, यादीत नाव होतं, आधार लावून अंगठा दिलेला, पावती पण आहे. तिथं अजून ८४ हजार थकीत दाखवतंय आणि पुढं रिटन ऑफ म्हणजे बुडीत धरलेलं असं लिहिलंय.
दुसरी, मेव्हण्याच्या ट्रॅक्टरला जामीनदार म्हणून सही केली होती ती. ट्रॅक्टर त्याचा, कर्ज त्याचं, अन् नोंद माझ्या रिपोर्टमध्ये, त्यात ६०, ९० असले आकडे दिसूलालेत. जामीनदाराचा पण स्कोर जातो का? हे मला कुणी सांगितलंच नाही.
बाकी एक मोबाईलचं लोन होतं ते क्लोज्ड दाखवतंय, बरोबर आहे.

गोदाकाठचा_नांदेडकर:
जामीनदाराचा नाही जात तर कुणाचा जातो. पावण्यारावळ्याच्या सहीनं आपल्या मराठवाड्यात निम्मी माणसं अडकलीत.

माजी_बँकवाला_परभणी:
आता खरं निदान झालं. दोन्ही ओळी वेगळ्या आहेत, उपाय पण वेगळे, एकाच अर्जात कोंबू नका.

पीककर्जाची ओळ चुकीची दिसतीय. महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ची, त्यात १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ मधलं पीककर्ज ३० सप्टेंबर २०१९ला थकीत असेल तर दोन लाखांपर्यंत सरकारनं थेट कर्जखात्यात भरलं. म्हणजे बँकेला पैसे पोचले. पोचले असतील तर थकबाकी शून्य दिसायला हवी आणि खातं बंद. माझ्या नोकरीतला अनुभव सांगतो, त्या वेळी याद्या, आधार, तक्रारी, पुन्हा याद्या ह्या गोंधळात शाखेनं खात्याला जमा घेतलं पण ब्युरोला म्हणजे सिबिलसारख्या कंपन्यांना पाठवायच्या डेटात स्टेटस बदलायचं राहून गेलं अशी प्रकरणं ढिगानं होती. त्या माणसाची बदली झाली, पुढच्याला माहितीच नाही.

तर त्या शाखेत जा, कर्जखात्याचा पूर्ण उतारा मागा. त्यात कर्जमाफीची रक्कम जमा झाल्याची एन्ट्री दिसेल. तारीख टिपून घ्या. मग नो ड्यूज म्हणजे आपण निल दाखला म्हणतो तो मागा, लेखी अर्ज करून आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का पोच घेऊन. तोंडी मागितलेल्या गोष्टीला बँकेत किंमत नाही. सातबारा पण बघा, बोजा अजून तसाच असेल तर दाखला तलाठ्याला देऊन कमी करून घ्या. त्यानंतर सिबिलच्या साईटवर त्या ओळीसमोर डिस्प्युट म्हणजे नोंद चुकीची असल्याची तक्रार टाका, क्रिफमध्ये पण तीच चूक असेल तर तिथं वेगळा टाका, एकानं सुधारलं म्हणून दुसरा सुधारत नाही. तक्रारीचा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे, नाही लागला तर त्यापुढं रोजचे १०० रुपये भरपाई तुम्हाला द्यायची असा रिझर्व बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. त्यानंही नाही झालं तर रिझर्व बँकेचा लोकपाल, सीएमएस पोर्टलवर तक्रार फुकट होते, १४४४८ वर फोन करून विचारता पण येतं. वकील लागत नाही.

एक शंका मात्र तपासून घ्या, व्याजासकट सगळी थकबाकी दोन लाखाच्या वर तर नव्हती ना? तसं असेल तर ते खातं ह्या योजनेत बसतच नव्हतं, मग बोलणी वेगळी.

औसारोड_मेसवाला:
नाही, सगळं मिळून दीड लाखाच्या आतलं होतं.

माजी_बँकवाला_परभणी:
मग तर काही प्रश्नच नाही, भांडा.

मेव्हण्याच्या ट्रॅक्टरचं मात्र तसं नाही, ती ओळ बरोबर आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणं जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ट्रॅक्टरचे हप्ते सहामाही असतात, एक हप्ता चुकला की पुढचा येईपर्यंत रिपोर्टमध्ये थकलेले दिवस ३०, ६०, ९०, १२० असे दर महिन्याला चढत जातात. मोटारसायकलचा हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात भरून मोकळं होता येतं, इथं ऊस जाऊन बिल येईपर्यंत थांबावं लागतं.

गोदाकाठचा_नांदेडकर:
अन् बिल कधी येतं ते कारखान्याला विचारा. चौदा दिवसात द्यायचा नियम १९६६ पासून आहे म्हणे.

लातूरची_अस्मिता:
मेव्हण्याशी भांडून बहिणीचं घर बिघडवू नका एवढंच. बसून बोला. थकलेला हप्ता किती आहे ते आधी विचारा, सगळं कर्ज नाही, फक्त थकलेलं.

सौ_जालनेकर:
मी थोडी वेगळी बाजू सांगते. तुमच्या घरात वहिनींचा रिपोर्ट कसा आहे? आमच्याकडं यांचं सिबिल २०२१ला पार झोपलं होतं तेव्हा गाडी माझ्या नावानं घेतली, मी आशा वर्कर नाही की मास्तरीण नाही, पापड मसाल्याचा धंदा, पण बचतगटाचं कर्ज मी आठ वर्षं फेडलेलं आणि ते सगळं क्रिफ हाय मार्कमध्ये चढलेलं निघालं. बँकेतल्या मॅडमनी तोच रिपोर्ट धरला. बचतगटाच्या पासबुकाला लोक हलक्यात घेतात. वहिनी मेसमध्ये काम करत असतीलच ना, उद्यम म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी त्यांच्या नावानं काढा, फुकट आहे, आणि मेसचे पैसे पोरांकडून फोनपे नाही तर गुगलपेनं थेट बँकेच्या खात्यात घ्या. बँकेला तुमचं उत्पन्न दिसलंच नाही तर ती कशावर देणार. रोखीत धंदा करून मग बँक विचारत नाही म्हणून रडायचं हे आपल्याकडं जास्तच आहे.

हां पण एक, नाव वहिनींचं म्हणजे देणं पण त्यांचंच. गाडी तुम्ही चालवणार आणि हप्ता चुकला तर लाल ओळ त्यांच्या रिपोर्टला, मग घरात दोन्ही सिबिलं गेली. त्यांना विचारून करा, सांगून नव्हे.

वाळूज_नाईटशिफ्ट:
सोनं असेल तर गोल्ड लोन. त्याला स्कोर फारसा बघत नाहीत. व्याज त्या फायनान्सवाल्याच्या निम्मं पडंल, बँकेतून घेतलं तर.

सौ_जालनेकर:
सोनं कुणाचं ते पण सांगा दादा. 🙂

वाळूज_नाईटशिफ्ट:
विचारूनच म्हणायलो ताई 😄 ते पण ब्युरोत चढतं आणि नाही फेडलं तर लिलाव होतो, हे लक्षात ठेवून.

अजून एक, व्हाट्सपवर "सिबिल ७५० करून देतो, ५ हजार" असले मेसेज फिरतात. आमच्या कंपनीतल्या दोघांनी दिले. पैसे गेलेच, वर पॅन अन् ओटीपी पण दिला, त्यावर त्यांच्या नावानं ॲपवाल्याचं कर्ज निघालं. खरी असलेली ओळ कुणाचा बाप पुसू शकत नाही आणि चुकीची असलेली तुम्ही घरबसल्या फुकट दुरुस्त करू शकता, मधी हा कोण?

आयटीआयवाला_गणेश:
अन् सेटलमेंट केलं तर? बँकवाले फोन करून म्हणतात निम्मे भरा, मिटवून टाकू.

माजी_बँकवाला_परभणी:
गणेशराव चांगला प्रश्न. निम्म्यात मिटवलं की खात्यापुढं सेटल्ड येतं, क्लोज्ड येत नाही. वसुलीचे फोन बंद होतात पण पुढचा बँकवाला ते सेटल्ड वाचतो आणि समजतो ह्यानं आधीच्याला अर्ध्यावर गप्प बसवलं. ज्याला खरंच शक्य नाही, दुष्काळात गेलाय, आजारपणात गेलाय, त्यानं खुशाल सेटल करावं, त्यात लाज नाही. पण सहा महिन्यांत गाडीचं लोन काढायचंय असा माणूस असेल तर पूर्ण भरून क्लोज्डच करून घ्यावं. आणि आधी सेटल्ड झालेलं असेल तर बँकेशी बोलून राहिलेली रक्कम भरून ते क्लोज्ड करून घेता येतं, पण कागदावर लिहून घेतल्याशिवाय एक रुपया टाकू नका.

फोनवरून आठवलं, वसुलीवाल्यानं सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७च्या नंतर फोन करायचा नाही. शेजाऱ्याला, पावण्याला फोन करून बदनामी तर अजिबात नाही. रेकॉर्ड करून ठेवा.

मांजराकाठ:
सगळे शहाणे सांगूलालेत पण गरज आज आहे तर माणूस सावकाराकडंच जातो. आमच्या गावात शेकडा तीन चालू आहे, कुठं पाच.

लातूरची_अस्मिता:
शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६. त्यापेक्षा तो २६ वाला फायनान्सवाला पण साधू वाटायला लागतो. २०१४च्या सावकारी कायद्यानं परवाना असलेल्या सावकाराला पण विनातारण बिगरशेती कर्जाला १८च्या वर घेता येत नाही. गावातल्याकडं परवाना आहे का हे सहायक निबंधकाकडं कळतं. विचारणार कोण ही गोष्ट वेगळी.

बालाघाटी:
पतसंस्था? का नकोच 😐 बीड संभाजीनगरकडच्या पैसे अडकलेल्या ठेवीदारांना विचारून बघा. कर्ज घ्यायला चालंल म्हणा, आपले पैसे तिथं थोडेच ठेवायचेत.

आणि अण्णासाहेब पाटील महामंडळाचं कुणीतरी सांगेलच म्हणून आधीच सांगतो, तिथं महामंडळ व्याजाचा परतावा देतं, कर्ज बँकच मंजूर करते, म्हणजे सिबिलच्या दारातूनच जावं लागतं. आणि ते धंद्यासाठी आहे, घरच्या पांढऱ्या पासिंगच्या गाडीला नाही.

औसारोड_मेसवाला:
सगळ्यांचे आभार आधी. अपडेट देतो. शाखेत जाऊन उतारा काढला. माफीची रक्कम खात्याला जमा आहे, मार्च २०२०ची एन्ट्री, शिल्लक शून्य! साहेब स्वतःच म्हणाले की अरे हे वर कळवायचं राहिलंय. अर्ज दिला, पोच घेतली, दोन्हीकडं डिस्प्युट टाकला. मेव्हण्याशी बहिणीसमोर बसून बोललो, एक हप्ता थकलाय ४६ हजाराचा, निम्मे तो देतोय निम्मे मी घालतो, सोयाबीन विकल्यावर माझे परत देणार म्हणतोय. बघू.
फायनान्सवाल्याकडं तो फॅक्ट स्टेटमेंटचा कागद मागितला तर म्हणाला सही झाल्यावर मेलवर येतो.

गोदाकाठचा_नांदेडकर:
😂😂

औसारोड_मेसवाला:
आता अडचण अशी की डीलरला टोकन म्हणून १० हजार दिलेत आणि तो म्हणतो आठ दिवसात उचला नाही तर दुसऱ्याला देतो, टोकन परत नाही. सोडून देऊ का?

माजी_बँकवाला_परभणी:
पावती आहे का? पावतीवर परत मिळणार नाही असं लिहिलंय का?

औसारोड_मेसवाला:
पावती आहे, तसं काही लिहिलेलं नाही. नुसतं गाडी नंबर, रक्कम आणि बाकी लोन झाल्यावर असं लिहिलंय.

माजी_बँकवाला_परभणी:
मग झालं की. लोन झाल्यावर असं त्यानंच लिहून दिलंय, लोन झालं नाही. शांतपणे मागा, व्हाट्सपवर लेखी मागा. दुसरं, त्या गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकून बघितला का? आरसीवर आधीच्या बँकेची एचपी आहे का, विमा कधीपर्यंत आहे, चलन किती आहेत?

औसारोड_मेसवाला:
बघितला आत्ता. एका बँकेचं नाव येतंय हायपोथिकेशनमध्ये. डीलर तर म्हणाला होता सगळं क्लिअर आहे म्हणून.

बालाघाटी:
घ्या.

सौ_जालनेकर:
कधीकधी लोन खरंच फिटलेलं असतं पण आधीच्या मालकानं एनओसी म्हणजे बँकेचा ना हरकत दाखला आणि बोजा काढायचा फॉर्म ३५ आरटीओला दिलेला नसतो, म्हणून नाव तसंच राहतं. म्हणजे तो खोटं बोलला असंच नाही. पण एनओसी ओरिजनल बघितल्याशिवाय आणि ॲपवर नाव गेल्याशिवाय एक रुपया पुढं देऊ नका. एनओसीला पण मुदत असते, जुनी असेल तर नवी आणायला सांगा.

वाळूज_नाईटशिफ्ट:
आणि सप्टेंबर २०२५ला छोट्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झालाय, नव्या वॅगनआरची किंमत खाली आलीय. २०१९च्या गाडीला चार लाख दहा हजार कुठल्या हिशोबानं मागतोय तो? साडेतीनच्या आत बोला. डिस्प्युटचा महिना जाईपर्यंत सिडको चौकात पण चार गाड्या बघून ठेवतो तुमच्यासाठी, पांढरी चालंल का लालच पाहिजे?

औसारोड_मेसवाला:
कसली पण चालंल, मागची सीट पाडून दुधाचे दोन कॅन बसले पाहिजेत. सीएनजी टाकी नसलेली बघा.